गाळलेले पाणी आणि गाळलेली हवा

आपल्या समाजातील मूल पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने उचलू लागले, की त्यास जी पहिली शिकवण मिळते ती पाणी गाळून पिण्याची. दाट विणीचे स्वच्छ वस्त्र दुहेरी करून भांड्याच्या तोंडावर धरावे, पाणी सावकाश ओतावे, आणि वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या जलाशयातून आले तेथेच जपून पोहोचवावेत, ही रीत आपल्या आई-आजींनी आपणांस हाताला धरून शिकविली. या विषयावर विद्वान मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. मी धान्याचा घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मला जे सांगावयाचे आहे ते दुसऱ्याच एका गाळण्याविषयी. ते पाण्याचे नसून हवेचे आहे, आणि ते स्वयंपाकघरात नसून आपल्या पेढीसमोर उभ्या असलेल्या पिकअप गाडीत आहे. वार्षिक स्मरणिकेसाठी हा विषय कोणास रूक्ष वाटेल. परंतु त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याचे मोल मी मोजलेले आहे, आणि ते सर्वस्वी पैशांतच मोजता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊ. पिकअप गाडीत हवेची दोन गाळणी असू शकतात. पहिले इंजिनाचे, ज्यास आपण एअर फिल्टर म्हणतो. ते बॉनेटखाली प्लास्टिकच्या पेटीत असून घड्या घातलेल्या विशिष्ट कागदाचे बनविलेले असते. दुसरे चालक बसतो त्या केबिनचे. ते बहुधा वातानुकूलित गाड्यांतच असते, व डाव्या बाजूच्या डॅशबोर्डाच्या खणामागे दडलेले असते. कित्येक मालवाहू पिकअपांत हे दुसरे गाळणे नसतेच. आपल्या गाडीत ते आहे की नाही, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेवरून समजते. ती पुस्तिका आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिली असेल, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारतो.

इंजिनास हवा किती लागते याचा हिशेब करून पाहिला तेव्हा मी थक्क झालो. आमच्या गाडीचे इंजिन अडीच लिटर क्षमतेचे आहे. चार स्ट्रोकचे डिझेल इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपली क्षमता भरून हवा ओढते. म्हणजे मिनिटास २००० फेऱ्यांच्या गतीने ते मिनिटाला सुमारे २५०० लिटर हवा घेते. टर्बो जोराने चालत असता याहूनही अधिक. शांत बसलेला मनुष्य अहोरात्रीत सुमारे १०,००० लिटर हवा श्वासावाटे घेतो. म्हणजे मनुष्यास दिवसभर पुरणारी हवा इंजिन चार मिनिटांत संपविते. अशा भुकेल्या यंत्राच्या तोंडावर गाळणे नसेल, किंवा फाटके असेल, तर काय होईल याची कल्पना करावी.

त्यातही आपली हवा साधी नव्हे. ग्वाल्हेर हे खाणीच्या दगडाचे, कोरड्या उन्हाचे आणि वैशाख-ज्येष्ठातील धुळीच्या वादळांचे शहर. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या सूचीत, अतिसूक्ष्म कणांच्या वार्षिक सरासरीवरून ग्वाल्हेरचा क्रमांक जगात दुसरा लागला होता. आकडा होता घनमीटरमागे १७६ मायक्रोग्रॅम, आणि आपल्या देशाचे मानक आहे ४०. पुढे जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने हवेच्या शुद्धीकरणाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला, त्यातही आपल्या शहराचा समावेश आहे. ही झाली शहराची सर्वसाधारण हवा. फाल्गुन-चैत्रात मुरैना-भिंडकडील मोहरी आणि तिच्यामागून गहू उतरू लागला, की लक्ष्मीगंजच्या गल्ला मंडीत आणि आपल्या दाल बाजारात कोंडा, तूस व माती यांची जी धूळ उठते, ती या आकड्यात कोण धरणार?

या धुळीत गारेचे बारीक कण असतात. गार लोखंडाहून कठीण. असा कण इंजिनात शिरला, की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तो कानशीसारखे काम करतो. पाच ते वीस मायक्रॉनांचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या अंशमात्र आकाराचे कण यात विशेष घातक, कारण तेलाचा जो पातळ थर या भागांचे रक्षण करतो, त्याच्या जाडीला ते पुरून उरतात. रिंगा झिजल्या की दाब सुटतो, इंजिन ऑइल पिऊ लागते, धूर वाढतो, आणि टर्बोची पातीही खरवडली जातात. हे सर्व हळूहळू घडते. उंदीर एका रात्रीत पोते कुरतडतो ते सकाळी दिसते. हे कुरतडणे वर्षभर कोणास दिसत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. २०१८ सालच्या रब्बी हंगामात आमच्या पेढीची गाडी दिवसाकाठी दोन-दोन खेपा मुरैन्याच्या करीत होती. आमचा चालक जुना व सचोटीचा मनुष्य. चैत्राच्या आरंभी तो म्हणाला, "शेठजी, एअर फिल्टर बदलायला हवा. गाडी चढावर दम टाकते." मी म्हणालो, "हंगाम उरकू दे, मग पाहू." पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा आठवण केली, मी पुन्हा तेच उत्तर दिले. शेवटी त्या बिचाऱ्याने त्याच्या परीने उपाय काढला. टायरमध्ये हवा भरण्याच्या दुकानी तो फिल्टर काढून नेई, कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडून घेई आणि परत बसवी. गाडी पुन्हा पळू लागे. मीही मनात म्हटले, काही शे रुपये वाचले.

ज्येष्ठात इंजिनाने ऑइल पिण्यास प्रारंभ केला. मिस्त्रीने फिल्टर काढून त्याच्या आत जळता दिवा धरला. कागदाच्या घड्यांतून सुईच्या अग्राएवढे उजेडाचे ठिपके चमकले. पुढे जाणारा रबरी नळ त्याने काढून दाखविला. त्याच्या आत बोट फिरविले तर बोटास माती लागली. कॉम्प्रेसरच्या झोताने कागद विंधला गेला होता आणि दीड-दोन महिने इंजिन न गाळलेली हवा घेत होते. इंजिन उघडावे लागले. खर्चाचा आकडा येथे देत नाही. एवढेच सांगतो, की त्या पैशांत गाडीच्या उभ्या आयुष्याचे फिल्टर आले असते.

परंतु खरी गोष्ट याच्या पुढेच आहे. गाडी उघडलेलीच होती म्हणून मिस्त्रीने सहज डॅशबोर्डाचा खण उतरविला आणि मागचे केबिनचे गाळणे बाहेर ओढले. गाडी पाच वर्षांची होती व ते तिच्या जन्मापासून तेथेच होते. मोहरीची टरफले, गव्हाचे तूस, काळी पडलेली माती आणि उंदराने कुरतडून केलेले घर यांनी ते इतके गच्च भरले होते, की तो मूळचा कागद आहे हे ओळखू येईना. त्यास कुजट वास येत होता. पाच वर्षे आमचा चालक त्या वाटेने आलेली हवा घेत होता. मागील दोन हिवाळे त्याचा खोकला हटत नव्हता, आणि मी त्यास दर वेळी आल्याचा काढा सुचवीत होतो.

त्याचा खोकला केवळ त्या गाळण्यामुळेच होता असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचे ज्ञान मला नाही. परंतु डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कामावरील धुळीचा. धान्याची धूळ आणि ओलसर धान्यावरील बुरशी ही छातीस बाधतात, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या विकारांस स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट धान्यावर जन्म काढलेल्या मला साठीच्या उंबरठ्यावर समजली.

त्या वर्षी पर्वानंतरच्या क्षमापनेच्या दिवशी मी प्रथम त्याच्यापुढे हात जोडले. तो संकोचून म्हणाला, "शेठजी, इंजिनाचे मी सांगितले होते, या दुसऱ्याचे तर मलाही ठाऊक नव्हते." त्यास ठाऊक नव्हते, कारण पुस्तिका माझ्या कपाटात होती. मी स्वतः पाणी गाळून पितो, घरात पिठाची चाळण रोज होते, आणि ज्याच्या श्वासावर माझा माल पोहोचतो त्याच्या हवेचे गाळणे मी पाच वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

अस्तु. आता जे शिकलो ते सभासद बंधूंच्या उपयोगासाठी क्रमाने देतो.

इंजिनाचा फिल्टर बदलताना इंजिन बंद व थंड असावे. पेटीच्या क्लिपा किंवा स्क्रू सोडून झाकण उचलावे. उंदराने घर केले असेल तर घाई न करता, जीव जपून, ते दूर करावे. धान्य वाहणाऱ्या गाडीत हे वारंवार आढळते. जुना फिल्टर कसा बसला होता ते पाहून ठेवावे व तो सावकाश काढावा, म्हणजे वरची धूळ आत सांडत नाही. पेटी ओलसर फडक्याने पुसावी. तीत जोराची हवा मारू नये, कारण ती धूळ इंजिनाच्या दिशेनेच जाते. नवा फिल्टर बसविण्यापूर्वी त्याची रबरी कडा तपासावी. ती सर्व बाजूंनी नीट बसली नाही, तर उत्तम फिल्टरही निरुपयोगी ठरतो. अखेरीस पुढील रबरी नळास चीर नाही व त्याचे पट्टे आवळलेले आहेत, हे पाहावे. हे सारे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

येथे एका भ्रमाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. पाण्याचे गाळणे आपण रोज धुतो, म्हणून हवेचे गाळणेही रोज झाडावे असे वाटते. कागदाच्या फिल्टरची गोष्ट उलट आहे. त्यावर धुळीचा पातळ थर जमला की तो थरही गाळण्यास साह्य करतो, आणि फिल्टर अधिक बारीक गाळू लागतो. वारंवार उघडणे, आपटणे, पाण्याने धुणे किंवा कॉम्प्रेसरने झाडणे यांत कागद दुखावतो व कडेची पकड जाते. यास्तव ठरलेल्या वेळीच उघडावा, आणि मळला असेल तर बदलावा. फिल्टर काढून ठेवून गाडी चालविणे तर एका खेपेपुरतेही करू नये.

केबिनच्या गाळण्यासाठी पंखा बंद करून खण उतरवावा, जुने गाळणे ओढून काढावे, आणि नव्यावर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो त्याप्रमाणे ते सरकवावे. सामान्य गाळणे माती, तूस, परागकण अडविते. अतिसूक्ष्म कण ते अंशतःच अडविते, आणि धुराच्या वायूंसाठी कोळशाचा थर असलेले निराळे गाळणे लागते. खिडक्या उघड्या असतील तर कोणत्याच गाळण्याचा उपयोग नाही. ज्या गाडीत हे गाळणेच नाही, तेथे चालकास चांगला मास्क द्यावा आणि मंडीत माल भरला जात असताना त्यास केबिनमध्ये बसवून ठेवू नये.

बदलण्याचा काळ प्रत्येक कारखान्याच्या पुस्तिकेत निराळा दिलेला असतो. परंतु तो आकडा साधारण रस्त्यांसाठी असतो, आणि धुळीच्या प्रदेशात त्याआधीच बदलावे, असे पुस्तिकेत बहुधा नमूद असते. आपण सर्व धुळीच्या प्रदेशातच मोडतो. आमच्या पेढीवर मी असा नियम केला आहे: होळीपूर्वी तपासणी, गव्हाचा हंगाम व धुळीची वादळे संपली, की पाऊस लागण्यापूर्वी दोन्ही गाळणी नवी, आणि दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ घालतेवेळी बॉनेट उघडून पुन्हा एकदा पाहणी. तारीख व किलोमीटर रोजकीर्दीत लिहिले जातात. चालकाने मागावे आणि मालकाने द्यावे, असा हा व्यवहार राहिलेला नाही. हंगाम असो वा नसो, तो खर्च त्या दिवशी खर्ची पडतोच.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने केला आहे. मालासह एकूण वजन ३.५ टनांच्या आत असलेली वाहने, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या पिकअप, त्या नियमाच्या बाहेर आहेत. सरकारने जेथे सक्ती केली नाही, तेथे आपल्या धर्माने आपणांस काय शिकविले आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आमचा चालक अद्याप आमच्याच पेढीवर आहे. खोकला पुष्कळ कमी झाला, सर्वस्वी गेला असे म्हणता येत नाही. गेल्या दसऱ्यास त्याने स्वतः खण उतरवून जुने गाळणे माझ्या हाती दिले. ते एका वर्षाचे होते, तरी काळेच होते. मी ते मुनीमजींस दाखविले, पेढीवर बसलेल्या नातवास दाखविले, आणि मगच टाकून दिले. सभासद बंधूंनीही आपापल्या गाडीचा खण एकदा उघडून पाहावा, एवढीच नम्र विनंती. जय जिनेंद्र.