हाडकाचा हिशेब

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं, की मागोमाग सल्लेही येतात. आजी म्हणते, "दूधभाकरी द्या. आमच्या वाड्यातली कुत्री त्यावरच वाढली." कॉलेजात जाणारा नातू म्हणतो, "छे! कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. त्याला कच्चं मांस आणि हाडंच हवीत." मग खाटकाकडून पिशवी येते, पिल्लू हाडकाशी झोंबू लागतं आणि निसर्गाचं निसर्गाला दिल्याचं समाधान सगळ्यांना लाभतं.

नातवाचं म्हणणं त्याच्या मनचं नाही. इअन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं १९९३ साली पुस्तक लिहून कच्च्या मांसाचा आणि मांसल हाडांचा हिरिरीनं पुरस्कार केला आणि हा विचार दूरवर पसरला. पण लांडग्याचा दाखला पुरता लागू पडत नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं, की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. हजारो वर्षं आपल्या चुलीशेजारी बसून त्याचं पोट आपल्या अन्नाला सरावलं आहे.

म्हणजे आजीचं खरं? तेही अर्धंच. नुसत्या दूधभाकरीत वाढत्या पिल्लाला पुरतील एवढी प्रथिनं नसतात, आणि गाईम्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना सोसत नाही.

माझ्या नोकरीची सारी वर्षं बँकेत जमा-खर्च जुळवण्यात गेली, म्हणून हा मामला मला खात्यासारखा दिसतो. हाडं घडायला कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात लागतात, त्यातही कॅल्शियम थोडं जास्त. नुसत्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून अधिक असतं. ही तूट भरायला शरीर हाडांतली ठेव मोडू लागतं. वरून पिल्लू गुबगुबीत दिसतं, आतून पाय वाकतात. साध्या उडीनंही हाड मोडू शकतं. बरं, म्हणून हाडं आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा मारा करावा, तर तोही अंगलट येतो. जादा कॅल्शियम अडवणं कोवळ्या आतड्याला जमत नाही आणि ग्रेट डेनसारख्या थोराड जातींत हाडांची वाढच बिघडते.

दुसरी बाब घरातल्या माणसांची. कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. पिल्लू ठणठणीत दिसत असतानाही ते त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि तेच पिल्लू रांगत्या बाळाचं तोंड चाटतं. शेळ्यामेंढ्यांच्या कच्च्या काळीज-फुप्फुसांतून कुत्र्याच्या पोटात एक पट्टकृमी जातो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात पाण्याच्या गाठी धरतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले, तेव्हा बाधित मांसाचा संशय व्यक्त झाला होता. जिथं वाघाची ही कथा, तिथं दोन महिन्यांच्या पिल्लाची काय?

आता हाडकाविषयी. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे अणकुचीदार तुकडे घशात नाहीतर आतड्यात रुततात. ते कधीच देऊ नये. कच्चं हाड तितकं फुटत नाही, पण त्यानंही दात तुटतो, आतडं तुंबतं. पिल्लाचे दुधाचे २८ दात पडून सहा-सात महिन्यांत ४२ पक्के दात येतात. तेवढ्या काळात हिरड्या शिवशिवतात, त्यासाठी चावायचं रबरी खेळणं पुरतं.

मग घालायचं काय? वाढत्या पिल्लांसाठी बनवलेलं चांगलं तयार खाद्य, किंवा उकडलेलं बिनहाडाचं चिकन, अंडं, मऊ भात, थोडी भाजी. आणि त्यात कॅल्शियम किती, हे पशुवैद्यानं वजन पाहून सांगितलेलं. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट मात्र वर्ज्य. जंताचं औषध आणि लशी वेळच्या वेळी.

बँकेत लहान मुलाच्या नावचं खातं असे, तेव्हा त्याला आम्ही 'अज्ञान' खातेदार म्हणत असू; पैसा त्याचा, सही पालकाची. पिल्लाचंही तसंच आहे. पुढ्यात पडेल ते ते आनंदानं खातं, नको म्हणायची समज त्याला नसते. सही आपली आहे, तेव्हा खातं पाहूनच ती करावी.