उलथणं, दट्ट्या आणि चितपट!

घावन उलटताना उलथण्याची कड तव्याला घासून आत गेली पाहिजे. जराशी वर राहिली की घावन फाटलंच! बंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या एखाद्या गच्चीवर झुंजीचा रोबोट बांधायला बसलेल्या पोरांची पहिली लढाई हीच असते. फ्लिपर म्हणजे रोबोटच्या तोंडाशी बसवलेलं, हवेच्या जोरावर उडणारं उलथणंच. त्याची कड कागदाच्या जाडीइतकी वर राहिली तरी समोरच्याची कड खाली घुसते, आणि मग घावन आपलंच होतं.

आता ताकद बघा. 50 मिलीमीटर व्यासाचा दट्ट्या घ्या आणि त्याच्यामागे 8 बार दाबाची हवा सोडा. रेटा किती? सुमारे 160 किलो! आपल्या कुकरची शिट्टी साधारण 1 बारला होते, म्हणजे आठच कुकरांचा दाब. पण नवख्यांची फसगत इथेच होते. दाब भरपूर असूनही हवा बारीक नळीतून, चिंचोळ्या व्हॉल्व्हमधून आली, तर समोरचा रोबोट चहाच्या ट्रेसारखा अलगद उचलला जातो आणि तसाच खाली बसतो. उडवायचा असेल तर हवा एका झटक्यात आत शिरायला हवी. म्हणून रुंद तोंडाचा व्हॉल्व्ह, आखूड जाड नळी आणि सिलिंडरला खेटून एक छोटी टाकी. आधी व्हॉल्व्हचा 'टक्', लगेच 'फट्', आणि समोरचा हवेत!

मोठे फ्लिपर बऱ्याचदा कार्बन डायऑक्साइड वापरतात. 20 अंश तापमानाला बाटलीतल्या द्रवावर तब्बल 57 बार दाब असतो. मात्र वायू भराभर निघाला की बाटली गारठते, आणि 0 अंशाला दाब 35 बारवर येतो. लढत असते 3 मिनिटांची. पहिल्याच मिनिटाला बार उडवत सुटलेला गडी शेवटी लुळा पडतो. दम राखून खेळावं, हे आखाड्यातलं शहाणपण इथेही लागू.

रोबोटचं सामान आणायला मल्लेश्वरमचं नशीब चांगलं, ते मेट्रोच्या हिरव्या मार्गावर आहे. संपिगे रोड स्टेशनवरून एकीकडे चिकपेटे, तिथून जवळच मोटारी, वायरी, इलेक्ट्रॉनिक्सने खच्चून भरलेला एस. पी. रोड. दुसरीकडे पीण्या, लेथ आणि पत्राकामाच्या वर्कशॉपचं आगर. एकाच गाडीत अख्खा रोबोट! आणि मराठी माणसाला हा भाग परका नाही. इथल्या काडू मल्लेश्वर मंदिराशी निगडित 1669 च्या शिलालेखात शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या दानाची नोंद आहे.

रोबोटांच्या झुंजीच्या या खेळाचा उगम माहीत आहे? फसलेला व्हॅक्यूम क्लीनर! अमेरिकेतल्या मार्क थॉर्प यांनी 1992 मध्ये रिमोटवर चालणारा क्लीनर बनवायचा प्रयत्न केला. सफाई जमली नाही, पण त्यातूनच झुंजीची कल्पना निघाली आणि 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिलं 'रोबोट वॉर्स' भरलं. पुढे ब्रिटनमधल्या टीव्ही मालिकेत रेक्स गॅरॉड यांच्या 'कॅशियस' या रोबोटने उलथा पडल्यावर आपल्याच फ्लिपरच्या जोरावर पुन्हा सरळ होऊन दाखवलं. 'केऑस 2' हा फ्लिपर तर प्रतिस्पर्ध्यांना थेट रिंगणाबाहेर भिरकावायचा. मालिकेचं विजेतेपद त्याने लागोपाठ दोनदा पटकावलं.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधलं रोबोवॉर बघायला तुफान गर्दी लोटते. झुंज नसलेल्या स्पर्धांतही हवा जोरात आहे. 2008 ची एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली, तिचा विषय चक्क दहीहंडीचा गोविंदा! या रोबोकॉनमध्ये कितीतरी संघ शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्याच हवेच्या टाक्या म्हणून वापरतात.

फिरत्या पात्याचे रोबोट समोरच्याच्या चिंधड्या उडवतात. फ्लिपर पाठ लावतो. हरलेला उठतो, चार स्क्रू आवळतो आणि पुढच्या फेरीला उभा राहतो. म्हणून माझ्या मते या खेळातला खरा पैलवान फ्लिपरच.

घरी चव घ्यायची आहे? औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या 2 सिरिंज आणि वीतभर नळी आणा. नळीने दोन्ही जोडा, एक दाबा, दुसरीचा दट्ट्या पुठ्ठ्याचं उलथणं उचलेल. कंप्रेसर, टाकी मात्र जाणत्या माणसाला सोबत घेऊनच, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच!