विश्लेषण : मुलाखतीत ‘एलबीओ’चे गणित का विचारतात?

प्रायव्हेट इक्विटी कंपन्यांच्या मुलाखतीत उमेदवाराला अनेकदा कागद-पेन देऊन ‘एलबीओ’ मॉडेल मांडायला सांगतात. एलबीओ म्हणजे लिव्हरेज्ड बायआउट. मुख्यतः कर्ज काढून केलेली कंपनीची खरेदी. टाटा टीने २००० मध्ये ब्रिटनची टेटली अशीच २७.१ कोटी पौंडांना घेतली.

गणित कसे मांडायचे?
समजा, कंपनीची किंमत ८०० कोटी रुपये आहे. त्यात कर्ज ५०० कोटी आणि स्वतःचे भांडवल ३०० कोटी. व्याज, कर आणि इतर खर्च भागवून कंपनीकडे वर्षाला सरासरी ६० कोटी उरतात. ते कर्जफेडीला जातात. पाच वर्षांनी कर्ज उरते २०० कोटी. कंपनी ८०० कोटींनाच विकली, तरी हाती ६०० कोटी येतात. म्हणजे पैसे दुप्पट. वार्षिक परतावा सुमारे १५ टक्के.

उमेदवार कुठे अडखळतात?
विक्रीची किंमत ६०० कोटींवर आली तर? घसरण २५ टक्क्यांची. पण नफा ३०० कोटींवरून १०० कोटींवर येतो आणि परतावा सहा टक्क्यांहूनही कमी. कर्ज नफा वाढवते, तसा धोकाही. नुसती सूत्रे पाठ केलेल्याला हे सांगता येत नाही. म्हणून आधी गणित हाताने सोडवावे, मग एक्सेल उघडावे.