एका मुलामागे किती रुपये?

जिल्हा परिषदेच्या शाळेत एका मुलामागे सरकार किती खर्च करतं, याची जिल्हावार यादी मागणारे फोन अर्थसंकल्पाच्या तोंडावर हमखास येतात. पत्रकार विचारतात, आमदारांचे स्वीय सहायक विचारतात, संस्थांचे कार्यकर्ते विचारतात. शिक्षणावरचा सरकारी खर्च तपासण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. यादी करणं तसं अवघड नाही. खर्चाला पटसंख्येने भागलं की झालं. पण हे आकडे ज्या टेबलांवरून आणि ज्या वर्गांमधून येतात, तिथलं काहीच त्या यादीत उतरत नाही. म्हणून हे किस्से.

‘बचत कुठली, ताई?’

कोकणातल्या एका जिल्ह्याचा दर विद्यार्थी खर्च एका वर्षी खाली आलेला दिसला. आमच्या तरुण सहकाऱ्याने टिपणात ‘खर्चावर नियंत्रण’ असं लिहिलं. खातरजमा करायला आम्ही जिल्हा परिषदेत गेलो. लेखा विभागातल्या वरिष्ठ सहायकांनी टिपण वाचलं आणि म्हणाले, ‘बचत कुठली, ताई? माणसंच नाहीत. पगारच निघाला नाही, तर खर्ची काय पडणार?’

त्यांनी संच मान्यतेची फाइल समोर ठेवली. मंजूर पदं, कार्यरत पदं, रिक्त पदं असे तीन रकाने. तिसरा रकाना फुगलेला. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपापल्या गावाकडे गेले होते आणि नवी भरती झाली नव्हती. त्या शाळांमध्ये एकच शिक्षक चार-पाच इयत्ता एका खोलीत सांभाळत होता. आमच्या यादीत मात्र तो जिल्हा काटकसरी ठरला होता.

शाळेवरच्या खर्चाचा सिंहाचा वाटा पगाराचा असतो. त्यामुळे शिक्षक जुना की नवा, यावर आकडा वरखाली होतो. नव्याने लागलेल्या शिक्षकाला, म्हणजे प्राथमिक शिक्षण सेवकाला, २०२३ पासून महिना १६ हजार रुपये मानधन मिळतं, त्याआधी ते ६ हजार होतं. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून ९२,३०० पर्यंत जातं. समजा, २० मुलांची एक शाळा आहे. तिथे दोन्ही शिक्षण सेवक असतील, तर वर्षाला मुलामागे १९,२०० रुपये पडतात. दोघेही वेतनश्रेणीच्या वरच्या टोकाला असतील, तर नुसतं मूळ वेतन धरून, महागाई भत्ता न मिळवता, हा आकडा १,१०,७६० होतो. मुलं तीच, फळा तोच, खोलीही तीच. अनुभवी शिक्षक सोयीच्या तालुक्यात आणि नवखे दुर्गम भागात गेले की दुर्गम भाग आपोआप ‘स्वस्त’ दिसायला लागतो.

तीस आणि एकतीस

घाटमाथ्यावरच्या एका शाळेत मुख्याध्यापक बाई कॅशबुक उघडून बसल्या होत्या. आदल्या वर्षी त्यांचा पट ३१ होता. एक मुलगी तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत गेली आणि पट ३० झाला. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटाच्या टप्प्यांवर ठरतं. ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. बाई म्हणाल्या, ‘एक पोरगी गेली आणि पंधरा हजार घेऊन गेली.’

मी त्यांच्यासोबत कॅशबुकाच्या नोंदी वाचल्या. वीजबिल, खडू, हजेरीपत्रकं, झाडू, फिनाइल, पाण्याच्या टाकीची तोटी, तालुक्याला टपाल पोहोचवण्याचा खर्च. अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, असा नियम आहे, म्हणजे एक हजार तिकडे गेले. उरलेल्या नऊ हजारांत वर्ष काढायचं. त्यातही बिल थकलं की मीटर जातो आणि मीटर गेला की डिजिटल वर्गाचा टीव्ही कापडाखाली झाकून ठेवावा लागतो.

आता याच अनुदानाचा भागाकार करून पाहा. हजार मुलांच्या शाळेला मुलामागे ७५ रुपये, ३१ मुलांच्या शाळेला सुमारे ८०६, ३० मुलांच्या शाळेला ३३३ आणि नऊ मुलांच्या शाळेला ११११. कागदावर नऊ मुलांची शाळा सगळ्यांत श्रीमंत ठरते. पण छप्पर नऊ मुलांना लागतं तेवढंच तीस मुलांनाही लागतं आणि विजेचा स्थिर आकार पटसंख्या विचारत नाही.

शाईचं बोट

भागाकारात वर काय आहे याची चर्चा सगळे करतात, खाली काय आहे ते कुणी बघत नाही. महाराष्ट्राने ते एकदा बघितलं. आधी नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांच्या पटाची पडताळणी करून घेतली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांची डोकी मोजली गेली. एकच मूल दोन शाळांत दाखवलं जाऊ नये म्हणून मतदानाला लावतात तशी शाई बोटाला लावली. हजेरीपत्रकावर असलेली लाखो मुलं वर्गात नव्हती.

त्या काळात पथकावर असलेल्या एका विस्तार अधिकाऱ्यांनी पुढे मला त्यामागचं गणित समजावलं. पट वाढला की तुकडी वाढते, तुकडी वाढली की पद मिळतं, शिवाय गणवेश, पुस्तकं, पोषण आहार हे सगळं पटावरच येतं. खोट्या पटाचा आणखी एक परिणाम मात्र त्यांच्या बोलण्यानंतर माझ्या लक्षात आला. नसलेली मुलं भाजकात शिरली की दर विद्यार्थी खर्च कमी दिसतो. म्हणजे जिथे लबाडी जास्त, तो भाग तुलनेत किफायतशीर ठरत होता. आज यू-डायस प्लस ही शाळांची ऑनलाइन नोंद आणि आधार जोडणी यांमुळे हे प्रकार अवघड झाले आहेत. पण २०११ च्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना कुणी मांडली, तर ती मी मान्य करत नाही.

१७ हजार ६७०

शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत २५ टक्के जागांवर वंचित आणि दुर्बल घटकांतली मुलं शिकतात. त्यांच्या शुल्काचा परतावा सरकार देतं. तो राज्याच्या दर विद्यार्थी खर्चाइतका किंवा शाळेच्या प्रत्यक्ष शुल्काइतका, यांतला जो कमी असेल तेवढा. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये ठरला.

एका चर्चासत्रात एका संस्थाचालकांनी मला अडवलं. ‘सरकारच म्हणतंय की त्यांचा मुलामागे खर्च साडेसतरा हजार आहे. मग जिल्हा परिषदेच्या शाळांवर एवढा पैसा लागतो कशाला?’ मी त्यांना करोनाच्या वर्षाची आठवण करून दिली. तेव्हा हाच दर ८ हजारांवर आणला होता. त्या वर्षी सरकारी शिक्षकांचे पगार काही निम्म्यावर आले नव्हते. १७,६७० हा परतावा किती द्यायचा याचा शासकीय निर्णय आहे, गावातल्या शाळेच्या खर्चाचं मोजमाप नव्हे. दुर्दैवाने दोन्ही आकडे एकाच नावाने फिरतात आणि एकमेकांविरुद्ध वापरले जातात.

असाच घोळ आश्रमशाळांच्या बाबतीत होतो. तिथला खर्च आदिवासी विकास विभागाच्या खात्यातून जातो आणि त्यात मुलांचं जेवण, अंथरूण-पांघरूण, निवास सगळं असतं. महापालिकेच्या शाळांवर पालिका स्वतःच्या तिजोरीतून पैसे घालते. नंदुरबारचा आकडा फक्त शालेय शिक्षण विभागाच्या खात्यातून काढला आणि मुंबईचा पालिकेच्या अर्थसंकल्पातून, तर ती तुलना दोन हिशेबवह्यांची होते. मुलांची होत नाही.

मार्चअखेर

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जिल्हा परिषदेच्या इमारतीत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. एका तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं की अनुदान मंजूर झाल्याचा निरोप २८ मार्चला आला आणि ३१ पर्यंत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं होतं. जूनमध्ये गळणारं छप्पर मार्चमध्ये मिळालेल्या पैशाने थांबत नाही. त्यांनी घाईने बाजारातून मिळेल ते साहित्य आणलं. ‘अकाउंटेबिलिटी इनिशिएटिव्ह’ या संस्थेने ‘पैसा’ पाहणीतून देशभर हेच दाखवून दिलं आहे. शाळांची अनुदानं वर्षाच्या उत्तरार्धात पोहोचतात. हिशेबात ते रुपये त्या वर्षीच्या मुलांवर खर्च झालेले असतात. त्या मुलांना मात्र त्यांचा फारसा उपयोग झालेला नसतो.

वीसच्या आतल्या शाळा

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे अशा शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा १४,७८३ होत्या, त्यांत १ लाख ८५ हजारांहून अधिक मुलं होती आणि सुमारे २९,७०० शिक्षक. एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुलं. भागाकार केला तर या शाळा महाग दिसणारच. पण ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक हवेत, हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलं आहे. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी, असं राज्याचे नियम सांगतात. डोंगरात, धनगरवाड्यावर, आदिवासी पाड्यावर ही तरतूद पाळायची तर मुलामागे जास्त खर्च येणार. ती उधळपट्टी नाही. घटनेने त्या मुलाला दिलेल्या हक्काची ती किंमत आहे आणि ती राज्याने मोजलीच पाहिजे. पावसाळ्यात ओढा ओलांडून पाच-सहा किलोमीटर जायला लागलं, तर पहिली शाळा मुलींची सुटते, हे आम्ही ज्या ज्या वाडीत गेलो तिथल्या आयांनी सांगितलं आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. जिल्ह्यांची अशी यादी पुढे आली की तीन प्रश्न विचारा. शिक्षकांची किती पदं रिक्त आहेत? पट कुठल्या तारखेचा आहे? यात कोणकोणत्या खात्यांचा खर्च धरलेला आहे? उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या यादीवरून कुठलीही शाळा बंद करण्याच्या मागणीला पाठिंबा देऊ नका. आणि तुमचं मूल सरकारी शाळेत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं कायदा सांगतो. शाळेला किती रुपये आले, कधी आले आणि कशावर गेले, हे विचारण्याचा अधिकार तुमचा आहे. तो वापरा.