पहिला घोडा घेण्यापूर्वी

गेल्या मार्गशीर्षात आमचे एक शिक्षक मित्र आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मला घोडा घ्यायचा आहे." गृहस्थ त्रेचाळीस वर्षांचे, गणित शिकवणारे. लहानपणी आजोळी मामांच्या पुढ्यात बसून त्यांनी घोड्यावरून रपेट केली होती. ती हौस मनात राहून गेली होती. आता गावाकडे थोडी जमीन आणि गाठीला थोडी पुंजी होती. आमच्या मंडळात एक पशुवैद्यक आहेत. त्यांना सोबत घेऊन आम्ही घोड्यांच्या बाजाराला निघालो.

महाराष्ट्रात तापीकाठचे सारंगखेडा, नांदेड जिल्ह्यातील माळेगाव, सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथील घोडेबाजार प्रसिद्ध आहेत. आम्ही गेलो तो बाजार यांच्याहून लहान होता. तेथे एक कुमैत घोडा मित्रांच्या मनात भरला. कपाळावर पांढरा टिळा, मान डौलदार. विकणाऱ्याने घोड्याच्या गळ्यावरचा केसांचा भोवरा दाखवला आणि म्हणाला, "गुरुजी, हे देवमण. हा दारात आला की घराची भरभराट. वय पाच वर्षे. दुपारी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे." मित्रांचा हात इसार देण्यासाठी खिशाकडे गेला. आम्ही अर्धा तास मागून घेतला. त्या अर्ध्या तासात काय पाहिले आणि का पाहिले, ते येथे सांगत आहोत. घोडा घेण्याचा प्रसंग सर्वांवर येणार नाही. पण पुरावा कोठे शोधावा आणि कोठे शोधू नये, हे घोड्याइतके चांगले शिकवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

भोवरा काय सांगतो?

केसांचा भोवरा म्हणजे त्वचेतील केसांची मुळे ज्या दिशांना कललेली असतात त्यांची रचना. शिंगरू आईच्या पोटात असतानाच ती ठरते. आपल्या डोक्यावरच्या भोवऱ्याचेही तसेच. गळ्यावरचा भोवरा शुभ आणि डोळ्याखालचा अशुभ, अशा समजुतींवर बाजारात किंमत चढते व उतरते. भोवऱ्याचा आणि घोड्याच्या स्वभावाचा काही संबंध आहे का, हे तपासण्याचे प्रयत्न झाले आहेत; पण धन्याच्या नशिबाशी त्याचा संबंध असण्याचे काहीच कारण दिसत नाही. खरी अडचण अशी की सगळे लक्ष भोवऱ्याकडे गेले, म्हणजे ज्या अवयवांवर घोड्याचा इतिहास खरोखरच लिहिलेला असतो ते पाहायचे राहून जातात.

दात : जन्माचा दाखला

धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत असे म्हणतात. विकत घ्यायच्या घोड्याचे मात्र अवश्य पाहावेत. गाईला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. घोड्याला वर सहा आणि खाली सहा असे पटाशीचे बारा दात असतात. दुधाचे दात पडून मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कोपऱ्यातली साडेचार वर्षांनी येते. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरते. येथपर्यंतचे वय दातांवरून बरेच अचूक सांगता येते.

त्यानंतरचे वय झिजेवरून काढतात. गवतात सिलिका असते, शिवाय त्याला माती लागलेली असते. त्यामुळे घोड्याचे दात सतत झिजतात. मात्र दाताचा बराच भाग हिरडीच्या आत राखीव असतो आणि तो वर्षाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने वर सरकत राहतो. नव्या दाताच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा असतो. झिजता झिजता खालच्या मधल्या जोडीतील खळगा सुमारे सहाव्या वर्षी, शेजारच्या जोडीतील सातव्या आणि कोपऱ्यातील जोडीतील आठव्या वर्षी नाहीसा होतो. पुढे साधारण दहाव्या वर्षी वरच्या कोपऱ्यातील दातावर, हिरडीपाशी, एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिडनी गॅल्व्हेन या अश्वशिक्षकाने या खुणेचा प्रसार केला. तिला त्याचेच नाव आहे.

पण दातांचे हे घड्याळ वाढत्या वयाबरोबर ढिले होत जाते. चारा, जबड्याची ठेवण, दावणीचे लाकूड चावण्याची सवय यांमुळे झीज कमीजास्त होते. म्हणून आठ-दहा वर्षांनंतरच्या अंदाजात दोन-तीन वर्षांचा फरक सहज पडतो. लबाडीही चालते. म्हातारा घोडा तरुण भासावा म्हणून दातांत खोटे खळगे कोरून ते काळे करण्याची युक्ती फार जुनी आहे. खऱ्या खळग्याभोवती इनॅमलचे कडे असते. कोरलेल्या खळग्याला ते नसते.

आमच्या कुमैताच्या खालच्या सहाही दातांवर खळगे नव्हते आणि वरच्या कोपऱ्यात खाच नुकती उमटली होती. म्हणजे वय पाच नव्हे, दहाच्या आसपास. मित्रांचा चेहरा उतरला. डॉक्टर हसून म्हणाले, "वय दहा ही चांगलीच गोष्ट आहे. वाईट गोष्ट ही, की ते पाच सांगितले."

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नवशिक्या स्वाराने तरुण घोडा घेऊन दोघांनी बरोबर शिकावे, ही कल्पना गोड असली तरी धोक्याची आहे. घोडा हा कळपात राहणारा, संकट दिसताच पळणारा प्राणी. रस्ता, वाहने, फडफडणारा कागद यांना न बुजण्याची सवय त्याला वर्षानुवर्षे लावावी लागते. चाळिशीत पडलेल्या माणसाचे हाड मुलाच्या हाडासारखे लवकर जुळतही नाही. म्हणून पहिला घोडा आठ ते पंधरा वर्षांचा, शिकलेला आणि शांत असावा. गंमत अशी, की नेमक्या याच वयात दातांचा दाखला अस्पष्ट होऊ लागतो. तेव्हा एकट्या दातांवर न विसंबता इतर पुरावेही पाहावे लागतात.

टेपने वजन

शिंप्याची टेप आमच्याजवळ होती. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घेतला : १५६ सेंटिमीटर. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी : १३८ सेंटिमीटर. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केले की घोड्याचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. उत्तर आले २८३.

हा ११,८८० आला कोठून, असे मित्रांनी लगेच विचारले. घोड्याचे धड म्हणजे आडवा दंडगोल समजा. परीघ घ आणि लांबी ल असेल, तर घनफळ घ × घ × ल ÷ ४π होते. ४π म्हणजे सुमारे १२.५७. प्राण्याच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणून एक हजार घनसेंटिमीटरला एक किलोग्रॅम धरला तर भाजक १२,५६६ येतो. प्रत्यक्ष घोडे तोलून ठरवलेला भाजक त्याच्या किती जवळ आहे पाहा! दंडगोलाच्या हिशेबाने आमचा घोडा २६७ किलो भरला. मान, डोके आणि पाय दंडगोलात धरलेले नसतात. उलट धड काही सगळीकडे सारखे जाड नसते. ही बेरीज-वजाबाकी भाजकात सामावली आहे. मात्र घेराचा वर्ग होत असल्याने टेप ४ सेंटिमीटर चुकली तर उत्तर १४-१५ किलोंनी चुकते, हे विसरू नये.

आता मुख्य प्रश्न. घोड्याने खोगिरासह आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकेच ओझे वाहावे, असा संकेत आहे. मजबूत पाठीचा, कसलेला घोडा थोडे अधिक पेलेल, अशक्त घोडा कमी. कुमैताचा पाचवा हिस्सा ५७ किलो. मित्रांचे वजन ७४, खोगीर-लगाम धरून ८२. म्हणजे त्यांना ४१० किलोंच्या आसपासचा घोडा हवा. लहानपणी मामांच्या पुढ्यात बसलेल्या मुलाला हे गणित नव्हते. प्रौढाला ते टाळता येत नाही.

मान पाय सांगते

शेवटी मोतद्दाराला घोडा कठीण जमिनीवर, दोरी सैल सोडून, दुडक्या चालीने पळवायला सांगितले. दुडकीत कर्णरेषेतील पायांची जोडी एकदम पडते. चाल डावी-उजवी सारखी असल्याने फरक चटकन ओळखू येतो. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि त्या पायावरचा भार कमी करतो. चांगला पाय टेकताना डोके खाली येते. उभ्या घोड्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असते, म्हणून ही खूण महत्त्वाची. कुमैताची मान उजवा पाय टेकला की वर जात होती. पाय उचलून पाहिला, तर खुराच्या तळाशी जुनी, दबलेली जखम. विकणारा काही बोलला नाही.

मित्रांनी इसार दिला नाही. परतताना ते गप्प होते. पण त्या घोड्यावर ८२ किलो रोज चढले असते, तर तो वर्षभरात पुरता लंगडा होऊन पुन्हा याच बाजारात आला असता, त्याहून कमी किमतीला, त्याहून वाईट हातात. गिऱ्हाइकाची चूक पैशांत भरून निघते. जनावराला ती शरीराने भरावी लागते.

बाजारात न दिसणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी अर्ध्या तासात कळत नाहीत. वेदनाशामक औषध दिले तर लंगडेपणा काही तास झाकला जातो. गुंगीचे औषध दिलेला घोडा गरीब स्वभावाचा वाटतो. म्हणून घोडा दोनदा, वेगवेगळ्या दिवशी पाहावा आणि विकणाऱ्याच्या माणसाला त्यावर बसलेले पाहिल्याशिवाय आपण बसू नये. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवून ती मोजता येते. ग्लँडर्स या जीवाणुजन्य रोगासाठी रक्ततपासणी करून घ्यावी. २००६ साली महाराष्ट्रात घोड्यांमध्ये हा रोग आढळला होता. तो माणसालाही होतो, आणि बाधित जनावर २००९ च्या कायद्यानुसार दयामरण देऊन नष्ट करावे लागते. हिसारचे राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र ही या तपासणीतील प्रमुख संस्था आहे. नमुना सरकारी पशुवैद्यकांमार्फत पाठवता येतो. हे सारे पैसे मोजण्याआधी करायचे. नंतर केले, तर ते वरातीमागून घोडे.

पुढच्या वर्षांचा हिशेब

चार महिन्यांनी मित्रांना एक घोडी सापडली. घेर १७८, लांबी १५५. वजन ४१३ किलो. वय बाराच्या आसपास. गळ्यावर देवमण नव्हते. या वेळी टेप त्यांनी स्वतःच खिशात नेली होती. रक्ताचा अहवाल येईपर्यंत त्यांनी वहीत हिशेब मांडला.

घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा लागतो. घोडीसाठी तो सव्वाआठ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे तीन टन! आणि तो एकदम घालून चालत नाही. घोडा गाईसारखा रवंथ करत नाही. त्याचे जठर लहान असते. गवतातील सेल्युलोज कुजवण्याचे काम पुढे अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात जीवाणू करतात. चारा अचानक बदलला किंवा दाणा एकदम जास्त पडला, तर जीवाणूंचा समतोल बिघडून पोटशूळ उठतो. घोड्याला उलटीही होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेतू शकतो. म्हणून थोडे थोडे, वारंवार, आणि बदल करायचा तो आठ-दहा दिवसांत हळूहळू.

शेवटचे गणित वर्षांचे होते. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. घोडी पंचवीस वर्षे जगली, तर तिच्या अखेरीस मित्र छप्पन्न वर्षांचे असतील, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. शेवटची काही वर्षे ती स्वार घेणार नाही, चारा मात्र घेईल. "तेवढी वर्षे देता येतील का?" असे त्यांनी वहीत लिहिले होते आणि खाली पत्नीची सही घेतली होती.

अहवाल निर्दोष आला. घोडी आता त्यांच्या गावी आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पाने का सडली, हे कोडे आपण मुलांना घालतो. 'न फिरवल्यामुळे' हे एकच उत्तर तिन्हींना लागू पडते. मित्र रोज पहाटे तिला तासभर फिरवतात. परवा त्यांच्या वर्गातील मुलांनी टेप घेऊन तिचे वजन काढले. पाच गटांची उत्तरे ३९६ ते ४२७ किलो आली. एवढा फरक का पडला, हा पुढच्या तासाचा विषय होता.