ठेका सोडलेला ड्रमर

१९६७ साली न्यू यॉर्कमधल्या एका पंचविशीतल्या ड्रमरनं रेकॉर्डच्या दुकानातून एक तबकडी विकत आणली. तिच्यावर ना गाणं होतं, ना वाद्य. स्टेथोस्कोप छातीला लावल्यावर कानात काय पडतं हे डॉक्टरांना शिकवण्यासाठी ती काढलेली होती. त्यावर निरोगी हृदयाचे ठोके होते, तसेच झडप गळणाऱ्या आणि लय बिघडलेल्या हृदयांचेही. डॉक्टर ती ऐकून रोग ओळखायला शिकत. या माणसाला मात्र त्या ठोक्यांत आफ्रिकी आणि क्यूबन ढोल ऐकू आले. विशेषतः बिघडलेल्या हृदयांत.

त्याचं नाव मिलफर्ड ग्रेव्ह्ज. पुढची पन्नासेक वर्षं हा माणूस ड्रम वाजवत राहिला. त्याचबरोबर त्यानं प्रयोगशाळेत नोकरी केली, कॉलेजात शिकवलं, जडीबुटी लावल्या, स्वतःची एक मारामारीची विद्या काढली, शिल्पं केली आणि शेकडो तास लोकांच्या छातीचे आवाज ऐकण्यात घालवले. अशा माणसाला आपण ‘हरहुन्नरी’ म्हणतो आणि विषय मिटवतो. पण ग्रेव्ह्जच्या बाबतीत तो शब्द मला थोडा उथळ वाटतो, कारण हे दहा उद्योग नव्हतेच. एकच खोड होती, फक्त ती दहा ठिकाणी उठत होती.

ग्रेव्ह्जचा जन्म २० ऑगस्ट १९४१ चा, न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जमैकाचा. (हे जमैका वेगळं. वेस्ट इंडीजमधलं बेट नव्हे, क्वीन्समधली वस्ती.) चालता-बोलता येऊ लागलं तेव्हापासून तो काही ना काही बडवत होता. आठव्या वर्षाच्या सुमारास काँगा हातात आला. काँगा म्हणजे उभा, पिंपासारखा, हातानं वाजवायचा क्यूबन ढोल. तरुणपणी तो लॅटिन नाचाच्या बँडमध्ये टिंबाले ढोल वाजवी, स्वतःचे बँडही चालवी. त्याच्या लॅटिन क्विंटेटमध्ये पियानोवर चिक कोरिया नावाचा एक पोरगा होता, जो पुढे जगप्रसिद्ध झाला. नाचाच्या बँडमध्ये तालाला सुट्टी नसते. शंभर जोड्या फरशीवर पाय टाकत असताना ड्रमरनं मनमानी केली तर लोक पडतील. हे शिक्षण ग्रेव्ह्जनं पुरेपूर घेतलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. कारण पुढे त्यानं ताल सोडला तो येत नव्हता म्हणून नव्हे.

जॅझमध्ये ड्रमरचं पारंपरिक काम काय असतं? आपल्याकडच्या तबलजीला गाण्याच्या साथीत जे असतं, बरंचसं तेच. ठेका धरायचा. उजव्या हाताशी मोठी झांज, तिच्यावर एकसारखा चालणारा बोल. डाव्या पायाखाली हाय-हॅटच्या दोन झांजा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटणाऱ्या. बाकीचे वादक त्या चौकटीवर पाय रोवून उभे राहतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेव्ह्जनं सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत ड्रमर एल्विन जोन्सला ऐकलं. तो ठेका धरून असला तरी त्याच्याभोवती चार-चार लयी एकदम फिरवत होता. ग्रेव्ह्जला तिथून पुढची वाट दिसली.

१९६४ मध्ये तो न्यू यॉर्क आर्ट क्वार्टेटमध्ये आला. ट्रॉम्बोनवर रॉझवेल रड, सॅक्सोफोनवर जॉन चिकाई. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ट्रम्पेटवादक बिल डिक्सननं मॅनहॅटनमधल्या एका छोट्या कॅफेत जॅझच्या नव्या, मुक्त प्रवाहाचे काही दिवस चाललेले जलसे भरवले. ‘ऑक्टोबर क्रांती’ असं त्याचं नाव जॅझच्या इतिहासात राहिलंय. ज्यांनी ग्रेव्ह्जला त्या काळात ऐकलं ते चक्रावून गेले. इथे मात्रा मोजायची सोयच नव्हती. हात चार असल्यासारखे आवाज यायचे, लाट चढायची, उतरायची. पण समेवर येणं नाही, कारण समच नाही.

मी स्वतः लहानपणी चार वर्षं तबल्याच्या क्लासला गेलेलो आहे. (पाचव्या वर्षी गुरुजींनीच सुचवलं की गणिताकडे लक्ष दे.) त्यामुळे ग्रेव्ह्जची पहिली रेकॉर्ड ऐकताना माझी बोटं आपोआप मांडीवर मोजायला लागली. दहा मिनिटांत तीन वेळा चुकलो आणि मग लक्षात आलं की चूक मोजण्यात नसून मोजायला बसण्यातच आहे.

त्यानं वाद्यही बदलून टाकलं. साध्या ड्रमला दोन कातडी असतात, एक वर आणि एक खाली. स्नेअर नावाच्या ड्रमच्या खालच्या कातड्याला तारा टेकवलेल्या असतात, म्हणून तो ‘खर्र’ असा करकरीत बोलतो. वरातीच्या बँडमधला ताशासारखा कडाडणारा ड्रम आठवा; घराणं तेच, मुळात फौजेतलं. ग्रेव्ह्जनं खालची कातडी काढली आणि तारांचा तो आवाजही टाकून दिला. मग उरलं एकच कातडं, थेट बोलणारं, दाबलं की स्वर चढवणारं. काँगाला एकच कातडं असतं. तबल्याला आणि डग्ग्यालाही. आणि १९६५ मध्ये ग्रेव्ह्ज न्यू यॉर्कमध्येच वसंत सिंग नावाच्या शिक्षकाकडे तबला शिकायला लागला होता. त्याच्या ड्रममधून अधूनमधून जो घुमारा निघतो, तळहाताच्या टाचेनं डग्ग्यावर काढतात तसा, तो ऐकताना हे साल मला आठवतं. तबल्यातून त्यानं तिहाई-चक्रदार घेतले नाहीत. त्यानं घेतलं ते हे की कातडं बोलतं, नुसतं मोजत नाही.

१९६६ च्या एप्रिलमध्ये येल विद्यापीठात पियानोवादक डॉन पुलन आणि तो, दोघांनीच मैफल केली. तिची रेकॉर्ड त्यांनी कुठल्या कंपनीला दिली नाही. स्वतःच छापली, सुरुवातीच्या प्रतींची वेष्टनं हातानं रंगवली आणि टपालानं विकली. लेबलचं नाव एसआरपी, ‘स्वावलंबन कार्यक्रम’ अशा अर्थाचं. काळ्या वादकांचं संगीत आणि गोऱ्या मालकांचा गल्ला, या जुन्या गणितावर त्यानं काढलेला हा तोडगा. पैसा फार मिळाला नाही. आज त्या रंगवलेल्या प्रती संग्राहक शोधत फिरतात, हा वेगळा विनोद.

मग जुलै १९६७. कोल्ट्रेन चाळिसाव्या वर्षी यकृताच्या कर्करोगानं गेला. २१ तारखेला न्यू यॉर्कच्या सेंट पीटर्स लूथरन चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तिथे अल्बर्ट आयलरच्या चौकडीनं वाजवलं. ड्रमवर ग्रेव्ह्ज होता. या वादनाचं जेमतेम सहा-सात मिनिटांचं खरखरीत ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात आयलरचा सॅक्सोफोन अक्षरशः हंबरडा फोडतो आणि खाली ग्रेव्ह्जचे ड्रम वाहतात. टाळ-मृदंगाच्या गजरात निघालेली अंत्ययात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शोकाचा हा दणदणाट परका वाटणार नाही.

इतकं सगळं असूनही त्याला क्लबमध्ये रोज रात्री वाजवून पोट भरायचं नव्हतं. त्यानं वैद्यकीय प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचं शिक्षण घेतलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरांसाठी तपासण्या करणारी प्रयोगशाळा चालवली. दिवसा सूक्ष्मदर्शक, रात्री ड्रम. १९७३ मध्ये बिल डिक्सननं त्याला व्हर्माँटमधल्या बेनिंग्टन कॉलेजात शिकवायला बोलावलं. क्वीन्समधलं घर न सोडता त्यानं तिथे २०१२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं शिकवलं.

आता हृदयाकडे येतो.

आपण म्हणतो, हृदय घड्याळासारखं चालतं. तसं ते चालत नाही. मिनिटाला साठ ठोके म्हणजे सेकंदाला एक, असं कागदावर. प्रत्यक्षात दोन ठोक्यांमधलं अंतर सतत कमी-जास्त होतं. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस हा लगाम ढिला-घट्ट करत असते. मनगटावर तीन बोटं ठेवून सावकाश खोल श्वास घेऊन पाहा, तरुण माणसाला हे सहज जाणवतं. उलट, दुसऱ्याचं हृदय बसवलेल्या रुग्णात या नसा तुटलेल्या असतात. तिथे ठोके जवळपास एकसारखे, यंत्रवत पडतात. पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा आलेख फार वेळ सपाट, एकसुरी दिसला तरी डॉक्टर सावध होतात. जिवंतपणाची खूण नियमितपणात नाही, त्या बारीक डुलण्यात आहे.

ग्रेव्ह्जचं म्हणणं हेच होतं. मेट्रोनोमबरोबर, म्हणजे लयीची टिकटिक देणाऱ्या यंत्राबरोबर, वाजवणारा ड्रमर शरीराशी खोटं बोलतो. ज्यानं रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला लावलाय त्याला यातली गोम कळेल. यंत्राचा तीनताल पहिली पाच मिनिटं सोयीचा वाटतो, विसाव्या मिनिटाला डोकं उठवतो. हाडामांसाचा तबलजी तोच ठेका तासभर देतो आणि कंटाळा येत नाही, कारण तो गवयाबरोबर श्वास घेत असतो.

सत्तरच्या दशकापासून ग्रेव्ह्ज लोकांच्या हृदयाचे आवाज टेपवर घेत होता. २००० साली त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. संगीतरचनेसाठी. त्यानं त्या पैशांतून संगणक आणि लॅबव्ह्यू हे सॉफ्टवेअर घेतलं, जे अभियंते यंत्रांची कंपनं मोजायला वापरतात. हृदयाचा आवाज फार खर्जातला, माणसाच्या कानाच्या जवळजवळ तळाशी. त्यानं तो वर उचलला आणि ताणून ऐकला. डॉक्टर ‘लब-डब’ हे दोन ठोके ऐकतात: पहिला कप्प्यांमधल्या झडपा मिटल्याचा, दुसरा धमन्यांच्या तोंडावरच्या. ग्रेव्ह्जला या दोन ठोक्यांच्या पोटात आणि मधल्या जागेत चाललेली सुरावट ऐकायची होती. तिच्यातून तो लयी काढी, स्वर काढी आणि ड्रमवर आणी.

वैद्यक आणि ढोल यांची ही सोयरीक तशी जुनीच. छातीवर बोटांनी ठोकून आतलं दुखणं ओळखायची पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरनं १७६१ मध्ये मांडली. तो ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली आहे हे पिंप ठोकून ओळखतात, हे त्यानं पाहिलं होतं असं सांगतात. याच आउएनब्रुगरनं पुढे संगीतकार सालिएरीच्या एका ऑपेराची संहिताही लिहिली. या पद्धतीला डॉक्टर आजही ‘पर्कशन’ म्हणतात, ड्रमवादनाला इंग्रजीत म्हणतात तेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ग्रेव्ह्ज लोकांना त्यांच्याच हृदयाचा सुधारलेला ठोका ऐकवून बरं करू पाहत असे, ॲक्युपंक्चरच्या सुयांनाही ध्वनी जोडत असे. याला वैद्यकशास्त्राच्या अर्थानं पुरावा आहे असं मी म्हणणार नाही, आणि कोणी छातीत दुखतंय म्हणून ड्रमरकडे जाऊ नये. पण शास्त्रज्ञांनी त्याला उडवूनही लावलं नाही. इटालियन जीवशास्त्रज्ञ कार्लो व्हेंतुरा यांनी त्याच्याबरोबर ध्वनिकंपनं आणि मूळपेशी यांवर काम केलं आणि २०१७ च्या एका अमेरिकन पेटंटवर दोघांची नावं आहेत.

आता मारामारीच्या त्या विद्येची, म्हणजे एका किड्याची गोष्ट. ग्रेव्ह्जला कुंग-फू शिकायचं होतं. त्यात ‘मँटिस’ नावाची एक शैली आहे. एका चिनी गुरूनं मँटिसची झुंज पाहून ती बसवली अशी आख्यायिका. मँटिस म्हणजे पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून बसणारा हिरवा कीटक, आपल्याकडे ज्याला खंडोबाचा किडा म्हणतात. ग्रेव्ह्जनं सरळ विचार केला: त्या गुरूला किड्यानं शिकवलं, तर मधला माणूस कशाला? त्यानं बागेत मँटिस आणले आणि तासन्‌तास त्यांच्यासमोर बसला. कसा तो वाऱ्यानं हलणाऱ्या पानासारखा डोलतो, मान कशी वळवतो, आणि पापणी लवायच्या आत झडप कशी घालतो. त्यात आफ्रिकी नाच आणि हार्लेमचा लिंडी हॉप नाच मिसळून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं ‘यारा’ ही विद्या काढली. योरुबा भाषेत याचा अर्थ चपळ. या विद्येत पाठ केलेले डाव नाहीत. समोरचा काय करतोय ते पाहून तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. म्हणजे पुन्हा ड्रमच.

हे सगळं चाललं ते आजी-आजोबांकडून आलेल्या घरात. बाहेरच्या भिंतींवर त्यानं दगड, संगमरवर, काचा आणि धातूचे तुकडे बसवले. आपण गच्चीवर फुटक्या फरशांचा चायना मोझेक करतो ना, तसं, फक्त उभं आणि चमकणारं. मागे जगभरातून आणलेल्या औषधी वनस्पतींची बाग आणि यारा शिकवायची जागा. तळघरात ड्रम, संगणक, मानवी सांगाडे, तारा. त्याचा विद्यार्थी जेक मेगिन्स्की यानं २०१८ मध्ये ‘मिलफर्ड ग्रेव्ह्ज फुल मँटिस’ हा माहितीपट काढला, त्यात हे घर आणि बाग दिसते. बागेतून फिरताना ग्रेव्ह्ज झाडाला हात लावतो तो तबल्याच्या चाटेवर बोट टेकवावं इतक्या हलकेपणानं.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, ग्रेव्ह्जला ॲमिलॉइडोसिस झाल्याचं निदान झालं. या रोगात एक बिघडलेलं प्रथिन हृदयाच्या स्नायूत साठत जातं आणि हृदय ताठ होतं, नीट फुलत नाही. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. पन्नास वर्षं हृदय ऐकणाऱ्याला हृदयाचाच रोग व्हावा, हे कादंबरीत लिहिलं तर संपादक खोडून टाकेल. तो स्वतः म्हणायचा की इतकी वर्षं अभ्यास केला तो बहुधा यासाठीच. त्यानं औषधं घेतली, बागेतली पानं खाल्ली आणि स्वतःच्या छातीला स्टेथोस्कोप लावून रोजचा बदल ऐकत राहिला. सहा महिन्यांची जवळजवळ अडीच वर्षं झाली. २०२० च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या समकालीन कलासंस्थेत त्याचं मोठं प्रदर्शन उघडलं. त्यात रंगवलेले ड्रम होते, ती हातानं रंगवलेली वेष्टनं होती, हृदयाचे आलेख होते आणि सांगाडे, वनस्पती, वाद्यं, तारा जोडून केलेली शिल्पं होती. त्यासाठी आजारपणातही तो नवं काम करत होता.

प्रदर्शन जानेवारी २०२१ मध्ये आवरलं. १२ फेब्रुवारीला तो क्वीन्समध्येच गेला, एकोणऐंशीव्या वर्षी.

मी परवा १९६६ ची येलची मैफल पुन्हा लावली होती. शेजारचे एक तबलावादक काका चहाला आलेले. पाच मिनिटं त्यांनी सवयीनं हातावर टाळी-खाली धरायचा प्रयत्न केला, मग हात खाली ठेवला, चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाले, “हा मोजत नाहीये रे. आवाज जरा वाढव.”