प्रिन्सेप घाटावर कार्ल्याची आठवण

बालीगंजला मुक्काम असेल, तर एक संध्याकाळ प्रिन्सेप घाटासाठी राखून ठेवावी. अंतर जेमतेम सात-आठ किलोमीटर. हुगळीच्या काठी पांढऱ्या खांबांचा, ग्रीक धाटणीचा उंच मंडप उभा आहे आणि त्याच्या मागे विद्यासागर सेतूच्या तारा आभाळात चढत गेल्या आहेत. मंडप आणि पाणी यांच्यामधून आता चक्ररेलचे रूळ जातात. लोक फोटो काढतात, झालमुडी घेतात, नावेत बसतात. नावेत बसावंच. पण त्याआधी ज्याच्या नावाचा हा घाट, त्याच्यासाठी थोडं थांबावं. आपल्या लेण्यांवर त्याचं फार मोठं ऋण आहे.

जेम्स प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा अधिकारी होता आणि एशियाटिक सोसायटीचा चिटणीस. त्या काळी अशोकाचे स्तंभ सगळ्यांसमोर उभे होते, पण त्यांवरची अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वळणं पंडितांनाही परकी झाली होती. 1837 साली प्रिन्सेपच्या टेबलावर सांचीच्या स्तूपावरच्या छोट्या लेखांचे ठसे आले. बरेचसे लेख एकाच अक्षरजोडीवर संपत होते. त्याने विचार केला, की देवस्थानाच्या कठड्यावर इतकी माणसं एकाच शब्दाने काय लिहून ठेवतील? दान! ‘दानं’मधले द आणि न सापडले, त्यांच्या आधीचा ‘स’ म्हणजे ‘अमक्याचं’, हेही लक्षात आलं, आणि बाकीची अक्षरं भराभर उलगडत गेली. राजांच्या आज्ञांनी जे कुलूप उघडलं नाही, ते साध्या देणगीदारांच्या नावांनी उघडलं, याचं मला अजून नवल वाटतं.

या कामाने त्याची तब्येत पार ढासळली. 1838 मध्ये तो मायदेशी परतला आणि 1840 मध्ये, वयाच्या चाळिशीतच, लंडनला वारला. कलकत्त्याच्या लोकांनी त्याच्या स्मरणार्थ हा घाट बांधला.

त्याने लावलेली ब्राह्मी लिपी पुढे सह्याद्रीत किती कामाला आली! नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गायींचे आणि कार्षापणांचे आकडे आहेत. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राचा पराक्रम त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरवून घेतला आहे. आणि एकवीरेच्या देवळाला खेटून असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात कित्येक खांबांवर ते खांब देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवनही आहेत आणि त्यांच्या नावापुढे सांचीतलाच तो शब्द आहे: ‘दानं’. पुढच्या वेळी दर्शनाला गेलात, तर लेण्यात शिरून मधल्या दालनातल्या खांबांवर तो शोधा.